बाहुल्यांना घर कोण देणार?

2000 सालच्या जानेवारीत मॉस्कोच्या एनटीव्ही या खासगी वाहिनीवर ‘कुक्ली’ या कार्यक्रमाचा एक भाग दाखवला गेला. रशियन भाषेत कुक्ली म्हणजे बाहुल्या. त्या भागाची गोष्ट हॉफमन या जर्मन लेखकाच्या 1819 सालच्या एका परीकथेवर बेतलेली होती. एक कुरूप, खुजे पोर असते. एका परीला त्याची दया येते आणि ती जादूने त्याचे केस विंचरते. त्या दिवसापासून सगळ्यांना ते पोर देखणे, हुशार, कर्तबगार दिसू लागते, इतके की दुसऱ्याने केलेल्या कामाचे श्रेयसुद्धा त्याच्याच पदरात पडते. दूरचित्रवाणीवरच्या खेळात परी झाली होती बोरिस बेरेझोव्स्की या धनाढ्य उद्योगपतीची बाहुली, आणि ते पोर होते व्लादिमीर पुतिन. अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी 31 डिसेंबरला राजीनामा दिल्यामुळे पुतिन नुकतेच हंगामी अध्यक्ष झाले होते आणि निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

पुतिन ज्या विद्यापीठात कायदा शिकले त्याच सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातल्या काही मान्यवरांनी वर्तमानपत्रात पत्र छापून कार्यक्रम करणाऱ्यांवर फौजदारी कारवाईची मागणी केली. मार्चमध्ये पुतिन निवडून आले, 7 मे रोजी त्यांचा शपथविधी झाला आणि 11 मे रोजी एनटीव्हीच्या मालक कंपनीच्या कार्यालयांवर सशस्त्र, चेहरे झाकलेल्या जवानांची धाड पडली. कुक्लीचे लेखक विक्टर शेंदेरोविच यांनी नंतर वारंवार सांगितले आहे की, त्याच महिन्यात वाहिनीच्या मालकापर्यंत सत्तेच्या काही अटी पोहोचवण्यात आल्या आणि ‘पहिली व्यक्ती’ कुक्लीतून काढून टाका, ही त्यांतली एक होती. शेंदेरोविच यांनी पहिल्या व्यक्तीची बाहुली खरोखरच काढली. पुढच्या भागात मोझेसच्या दहा आज्ञांची कथा होती, बाहुलीच्या जागी डोंगरावर ढग आणि जळते झुडूप होते, आणि त्यातून आज्ञा सुटत होत्या. जून महिन्यात मालक व्लादिमीर गुसिन्स्की यांना अटक झाली. एप्रिल 2001 मध्ये सरकारचे वर्चस्व असलेल्या गाझप्रॉम कंपनीने वाहिनीचा ताबा घेतला आणि 2002 मध्ये कुक्ली कायमचा बंद झाला.

हा घटनाक्रम सहसा ‘हुकूमशहाला विनोद सोसत नाही’ या एका वाक्यात गुंडाळला जातो. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्याने आपले लक्ष चुकीच्या जागी जाते. कारण याच कार्यक्रमावर त्याआधी, 1995 च्या उन्हाळ्यात, थेट कायद्याने घाव घालण्याचा प्रयत्न झाला होता. एका भागात येल्त्सिन आणि त्यांचे सहकारी फाटक्या कपड्यांतले भणंग म्हणून दाखवले होते, आणि देशातल्या गरिबीकडे बोट दाखवणारा तो खेळ सरकारी अभियोग खात्याच्या प्रमुखांच्या इतका जिव्हारी लागला की त्यांनी फौजदारी खटला उभा केला. तो टिकला नाही. काही महिन्यांत प्रकरण गुंडाळले गेले, खटला भरणारे अधिकारीच पदावरून गेले, आणि कुक्लीचा प्रेक्षक उलट वाढला. कायदा बाहुल्यांना हटवू शकला नाही. मालकी बदलली आणि पुढच्याच वर्षी बाहुल्या हटल्या. माझे म्हणणे या फरकावर उभे आहे. राजकीय विडंबनाचे भवितव्य विनोदकाराचे धैर्य किंवा राज्यकर्त्याची सहनशीलता यांवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्या विडंबनाला छप्पर देणाऱ्या संस्थेच्या मालकावर अवलंबून असते, आणि आपण विनोदाच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना नेमके या माणसाबद्दल काहीच विचारत नाही.

गुसिन्स्की हे काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. 1996 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या वाहिनीने येल्त्सिन यांची बाजू उघडपणे उचलून धरली आणि वाहिनीचे प्रमुख इगोर मालाशेंको येल्त्सिन यांच्या प्रचारयंत्रणेत जाऊन बसले. वाहिनीच्या विस्तारासाठी पैसा आला तो गाझप्रॉमच्या आधाराने, आणि पुढे त्याच कर्जाचा फास गळ्यात आवळला गेला. म्हणजे बाहुल्या पुतिनना हसत होत्या तेव्हा ज्या जमिनीवर त्या उभ्या होत्या ती आधीच गहाण पडलेली होती. 2004 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की गुसिन्स्कींच्या अटकेमागे त्यांना कंपनी विकायला भाग पाडण्याचाही हेतू होता. निकाल महत्त्वाचा आहे, पण तो आला तेव्हा कुक्ली बंद होऊन दोन वर्षे झाली होती. ज्याचे पोट सरकारी मर्जीवर चालते, तो मिंधा होतो. त्याच्या अंगणात बाहुल्या नाचतात त्या फक्त मर्जी असेपर्यंत.

एवढा मोठा मालक लागतोच कशाला, असे कोणी विचारेल, आणि त्याचे उत्तर या कलेच्या घडणीत आहे. बाहुल्यांच्या बातम्यांचा हा प्रकार जगभर पसरला तो ब्रिटनमधल्या ‘स्पिटिंग इमेज’ या कार्यक्रमामुळे. पीटर फ्लक आणि रॉजर लॉ हे दोन व्यंगशिल्पकार त्याचे जनक. आयटीव्हीवर तो 1984 ते 1996 चालला आणि ऐन भरात सुमारे दीड कोटी लोक तो पाहत होते. एकेका बाहुलीचे काम पाहिले म्हणजे खर्चाचा अंदाज येतो. आधी कागदावर अर्कचित्र, मग मातीत डोके, मग साचा, साच्यात फेसाळ लॅटेक्स भाजून काढलेला मऊ चेहरा, त्यावर रंग, केस, डोळे. पडद्यावर एक चेहरा बोलतो तेव्हा टेबलाखाली सहसा दोन माणसे घाम गाळत असतात: एकाची मूठ बाहुलीच्या जबड्यात असते, दुसरा तिला उरलेला हात उसना देतो, आणि आवाज तिसऱ्याच नकलाकाराचा असतो. चेहरा शिळा झाला की टाकून द्यायचा, मंत्रिमंडळ बदलले की नवी डोकी करायची. संहिता आठवड्याच्या बातमीवर चालते, म्हणून लेखकांचा ताफा शेवटच्या दिवसापर्यंत लिहीत असतो, आणि प्रत्येक ओळ वकिलाच्या नजरेखालून जाते. हे काम एकट्यादुकट्याच्या ऐपतीबाहेरचे आहे.

या खर्चाच्या बदल्यात जे मिळते त्याचा एक नमुना सांगतो. पुरुषी सूट घातलेली पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची बाहुली आपल्या मंत्र्यांना घेऊन उपाहारगृहात बसली आहे. वाढपीण ऑर्डर घ्यायला येते. थॅचर आपल्यासाठी मांस मागवतात. ‘आणि भाज्यांचे काय?’ असे वाढपीण विचारते, तेव्हा टेबलाभोवतीच्या मंत्र्यांकडे नजरही न वळवता त्या म्हणतात, ‘त्या माझ्यासारखेच घेतील.’ इंग्रजीत निर्बुद्ध, अचेतन माणसालाही भाजीच म्हणतात, हे लक्षात घेतले की त्या मंत्रिमंडळाचा सगळा कारभार एका ओळीत उलगडतो. एका बाईपुढे मान खाली घालून बसलेले सत्ताधारी पुरुष, निर्णय एकीचा आणि होकार सगळ्यांचा: या विषयावर अग्रलेख पुष्कळ लिहिले गेले असतील, पण लोकांच्या स्मरणात चाळीस वर्षे राहिली ती ही ऑर्डर.

थॅचर मात्र त्यामुळे हरल्या नाहीत. 1987 ची निवडणूक त्यांनी शंभरावर जागांच्या बहुमताने जिंकली. विडंबनाच्या बाजूने बोलताना हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे: बाहुल्या सरकार पाडत नाहीत. कधीकधी त्यांचा उलटाही परिणाम होतो. फ्रान्सच्या कनाल प्लुस वाहिनीवरच्या ‘ले गिन्योल’मध्ये 1995 च्या निवडणुकीच्या सुमारास जाक शिराक यांची बाहुली इतकी बापुडवाणी, इतकी लोभस दाखवली गेली की त्याचा त्यांना फायदाच झाला, असे फ्रान्समध्ये आजही अनेकांना वाटते. शिवाय अन्यायही होतो. स्पिटिंग इमेजने लिबरल पक्षाचे डेव्हिड स्टील यांना मित्रपक्षाचे नेते डेव्हिड ओवेन यांच्या खिशात बसणारा इवलासा माणूस केले, आणि त्या चित्राने आपले राजकीय नुकसान झाले, असे स्टील यांनी स्वतः म्हटले आहे. एखाद्या माणसाच्या वर्षानुवर्षांच्या कामावर एक खिसा भारी पडावा, हे मला सलते. शरीराच्या ठेवणीची टर उडवणारा विनोद मला कधीच आवडला नाही, आणि बाहुल्यांच्या कार्यक्रमांत तो भरपूर असतो. नाक, कान, दात, उंची यांवर हसणे सोपे असते. म्हणून हात आखडता घ्यायचा तर तिथे घ्यावा.

तरीही हे सगळे दोष पदरात घेऊन मी या प्रकाराच्या बाजूने उभा आहे, कारण त्याने एक गोष्ट साधते जी दुसऱ्या कशाने साधत नाही. ले गिन्योल दररोज संध्याकाळी, आठच्या बातम्यांच्या तोंडावर लागत असे, आणि सशुल्क वाहिनीवर असूनही तो सर्वांना फुकट दिसत असे. वृत्तनिवेदकही बाहुलीच होती आणि ती समोरच्या माणसांना रोज सांगत असे की तुम्ही फार टीव्ही पाहता. जेवणाच्या वेळी घरातले डावे आजोबा आणि उजवा नातू एकाच पडद्यासमोर, एकाच माणसावर, एकाच वेळी हसत. सत्तेच्या पदावरचा माणूस हा आपल्यासारखाच चुकणारा, घाबरणारा, थापा मारणारा माणूस आहे, ही जाणीव एकेकट्याच्या मनात असणे वेगळे आणि ती सगळ्यांनी मिळून हसून मान्य करणे वेगळे. पहिल्या जाणिवेने फार तर कुजबुज होते. दुसरीने भीती कमी होते, कारण शेजारीही हसतो आहे हे दिसते. लोकशाहीला मतपेटीइतकीच या सामूहिक निर्भयतेची गरज आहे असे मी मानतो.

आता फ्रान्समध्ये पुढे काय झाले ते पाहावे. तिथे पुतिन नव्हते, धाडी पडल्या नाहीत, कोणाला अटक झाली नाही. मितराँ, शिराक, सार्कोझी, ओलांद असे चार राष्ट्राध्यक्ष या बाहुल्यांनी पचवले. 2002 च्या निवडणुकीच्या काळात तर शिराक यांना अंगरखा चढवून ‘महाथापाड्या’ नावाचा अद्भुत शक्तीचा नायक करण्यात आले. निवडून आलेल्या कोणीही कार्यक्रम बंद पाडला नाही. मग वाहिनीची सूत्रे उद्योगपती व्हँसाँ बोलोरे यांच्याकडे आली. 2015 च्या जुलैत कार्यक्रम बंद होणार अशी बातमी फुटली, तेव्हा ज्यांची दर संध्याकाळी रेवडी उडत होती त्या राजकारण्यांपैकीच अनेकांनी, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या, त्याच्या बचावासाठी आवाज उठवला. बंदी टळली, पण प्रमुख लेखकांना घरी पाठवण्यात आले आणि कार्यक्रम सर्वांसाठी खुला न ठेवता पैसे भरणाऱ्या ग्राहकांपुरता करण्यात आला. जेवणाच्या टेबलावरची गर्दी पांगली, आणि 2018 च्या जूनमध्ये तीस वर्षांची ही परंपरा आटोपली. हुकूमशाही रशियात आणि लोकशाही फ्रान्समध्ये पद्धत वेगळी होती, पण निर्णायक घाव दोन्हीकडे वाहिनीच्या दालनातूनच बसला.

मालक खासगी असला म्हणजे धोका आणि सरकारी असला म्हणजे सुरक्षितता, असे समीकरणही मांडता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत झापिरो या नावाने प्रसिद्ध असलेले व्यंगचित्रकार जोनाथन शापिरो आणि त्यांचे सहकारी यांनी बाहुल्यांच्या बातम्यांचा नमुना भाग तिथल्या सार्वजनिक वाहिनीसाठी केला होता. वाहिनीने तो करून घेतला, पण दाखवला नाही. शेवटी 2009 मध्ये हा कार्यक्रम इंटरनेटवर सुरू करावा लागला. त्याच वर्षी केनियात गाडो या व्यंगचित्रकाराचा ‘एक्सवायझेड शो’ सिटिझन टीव्ही या खासगी वाहिनीवर सुरू झाला. 2007 च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या वांशिक हिंसाचाराच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या, आणि आपापल्या जमातीचे दैवत होऊन बसलेल्या नेत्यांना रबराच्या चेहऱ्यात एकत्र बसवून हसणे ही तिथे साधी गोष्ट नव्हती.

आता सगळ्यांच्या हातात फोन आहे, तेव्हा वाहिनी आणि मालक ही चर्चा जुनाट झाली, असे म्हणणारे मला अनेक भेटतात. त्यांच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा सीरियातला आहे. 2011 च्या उठावानंतर ‘मसासित माती’ नावाच्या कलावंतांच्या गटाने बशर अल असद यांची बोटात घालायची बाहुली केली आणि छोटे छोटे भाग यूट्यूबवर टाकले. बोटातली बाहुली निवडण्यामागे कारण होते: ती खिशात लपते, तपासणी नाक्यावरून नेता येते, आणि करणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ना वाहिनी, ना मालक, ना भाजलेले लॅटेक्स. त्या कलावंतांपुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण त्यांना नाव लपवावे लागत होते, हेही त्यातच आले. ज्या विनोदासाठी माणसाला आपले नाव पुसावे लागते, ती त्या समाजाची आणीबाणीची सोय आहे. शांततेच्या काळात, निवडणुका नियमित होत असलेल्या देशात, आपण तिलाच पुरेशी व्यवस्था मानू लागलो तर विनोदाचा सगळा भार एकेकट्या माणसाच्या अंगावर टाकून आपण मोकळे होतो.

तो भार कसा पडतो ते मुंबईने 2025 च्या मार्चमध्ये पाहिले. कुणाल कामरा यांचा उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीत असलेला व्हिडिओ प्रसिद्ध झाला आणि त्याच रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारमधल्या हॅबिटॅट या जागेची मोडतोड केली. कार्यक्रम तिथे चित्रित झाला होता, एवढाच त्या जागेचा दोष. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे कर्मचारी त्याच जागेच्या बांधकामावर हातोडे घेऊन आले. जागा चालवणाऱ्यांनी जाहीर केले की कलावंताच्या आशयाशी आपला कधीच संबंध नसतो, आणि दारे बंद केली. ते गीत कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. मी त्या वादात शिरत नाही. मला दिसतो तो आघाताचा पत्ता. विनोद इंटरनेटवर होता, पण मार बसला तो छप्पर देणाऱ्याला. फोनच्या जमान्यातही बोलायला जागा लागते, आणि जागा देणाऱ्याचे हातपाय थरथरू लागले की विनोदकार कितीही धीट असला तरी तो रस्त्यावर येतो. शिवाय फोनवरचा विनोद ज्याच्या त्याच्या पसंतीप्रमाणे वाटला जातो. एका बाजूचे लोक एका नेत्यावर हसतात, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्यावर, आणि दोन्ही हसण्यांत शेजाऱ्याचा द्वेष मिसळत जातो.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच परका नाही. एनडीटीव्ही इंडिया या हिंदी वाहिनीवर ‘गुस्ताखी माफ’मध्ये वाजपेयी आणि लालूप्रसाद यांच्या बाहुल्या देशाने पाहिल्या आहेत. महाराष्ट्राकडे तर हातही आहेत आणि जीभही आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवला, पाध्ये पितापुत्रांच्या अर्धवटरावाला घराघरांत ओळख मिळाली, आणि उत्तम नकलाकार व लेखक आज रोज रात्री मराठी वाहिन्यांवर विनोद करत आहेत. त्या विनोदात सासू-सुना आहेत, नवरा-बायको आहेत, सिनेमातले नट आहेत. सत्तेतल्या आणि विरोधातल्या माणसाला नाव घेऊन, त्याच्या निर्णयाचा हिशेब मांडून, दर आठवड्याला न चुकता समोर बसवणारा बाहुल्यांचा कार्यक्रम मला त्यांत दिसत नाही. गुणवत्ता नाही म्हणून तो नाही, हे मला पटत नाही. ज्या उद्योगसमूहाला उद्या सरकारकडून जमीन, परवाना किंवा जाहिरात हवी आहे, त्याच्या वाहिनीवर तो होणे अवघड आहे.

म्हणून माझी मागणी विनोदकारांकडे कमी आणि मालकांकडे जास्त आहे. ज्या वाहिनीला असा कार्यक्रम करायचा असेल तिने लेखकांशी करार करतानाच लिहून द्यावे की कोणाची बाहुली करायची आणि कोणाची नाही, हे व्यवस्थापन ठरवणार नाही. की खटला झाल्यास वकील वाहिनी देईल, एकटा नकलाकार कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार नाही. की मालकी बदलली तरी चालू हंगाम पूर्ण होईल. आणि सत्ताधारी पक्षाइतकीच विरोधकांचीही डोकी साच्यातून निघाली पाहिजेत, नाहीतर तो प्रचार होईल. पैसा कुठून येणार, हा प्रश्न खरा आहे. एका मोठ्या जाहिरातदारापेक्षा शंभर लहान जाहिरातदार आणि वर्गणी देणारे प्रेक्षक यांवर उभा असलेला कार्यक्रम अधिक काळ टिकेल असे मला वाटते, कारण शंभर जणांना एका फोनवर गप्प करता येत नाही.

तमाशाच्या बतावणीत हे गणित आपल्या लोकांनी फार पूर्वी सोडवलेले होते. जत्रेत फड उतरतो, बिदागी गाव देते, आणि गावाच्या वतीने ती ज्यांच्या हातून जाते ते पुढारी सर्वांत पुढे बसतात. सोंगाड्या गवळणीनंतर येतो, बोलता बोलता चावडीवर घसरतो, रखडलेल्या रस्त्यावर आणि आटलेल्या विहिरीवर येतो, आणि मग मान वळवून पुढच्या रांगेकडे पाहतो. मागे अख्खे गाव बसलेले असते. चिमटा बसतो, गाव खळखळून हसते, आणि पुढारीही हसतात, कारण त्या क्षणी न हसणारा माणूस गावाच्या नजरेतून उतरतो. दुसऱ्या वर्षी तोच फड पुन्हा बोलावला जातो, आणि बिदागीसाठी वर्गणी घेऊन जाणारे तेच पुढारी पुन्हा घरोघर हिंडतात.